उंदराने नेलेली वात

सरकारी लिफाफा ओळखायला पत्ता वाचावा लागत नाही. खाकी रंग, निम्मा लिफाफ्यावर आणि निम्मा हवेत उमटलेला शिक्का, आणि आपलं नाव असं लिहिलेलं की ते आपलंच आहे का, याची आपल्यालाही शंका यावी. असा लिफाफा दारात आला की घरात क्षणभर शांतता पसरते. चहा गार होतो. कर्ता पुरुष चष्मा शोधायला लागतो आणि बायको देवाकडे बघते. आत बहुतेक वेळा काहीच भयंकर नसतं. पण ते भयंकर नाही, हे कळायला पत्र तीनदा वाचावं लागतं.

मी हे अधिकारवाणीनं सांगू शकतो, कारण आयुष्यातली बत्तीस वर्षं मी असे लिफाफे भरण्यात घालवली. सरकारी भाषेत बोलायचं तर मी मसुदे करीत असे. मसुदा म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही ते सुखी आहेत. मी लिहायचं, ‘रस्ता खराब आहे.’ माझे वरिष्ठ त्याचं करायचे, ‘रस्ता खराब असल्याचे दिसते.’ त्यांचे वरिष्ठ करायचे, ‘रस्ता खराब असल्याचे दिसून येते.’ त्याहून वरचे साहेब ‘दिसून’ खोडून समासात लिहायचे, ‘कोणाला?’ मग फाइल उलट्या पावली खाली यायची, आणि चार सह्या व तीन आठवडे खर्चून शेवटी पत्र जायचं, ‘रस्ता खराब आहे.’ तोवर तो वाहून गेलेला असायचा.

निवृत्त झाल्यावर माणसं देवदर्शनाला जातात. मला जुनी पत्रं वाचायचा नाद लागला. खोड जित्याची, दुसरं काय! पण वाचता वाचता लक्षात आलं की आपल्याकडे एके काळी सरकारी पत्रं फार झकास लिहीत असत.

शिवाजीमहाराजांचं एक पत्र आहे. राज्याभिषेकाच्या आसपासच्या वर्षांतलं. चिपळूणजवळ पावसाळ्यासाठी लष्कर छावणी करून होतं, त्यातल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना ते लिहिलेलं. विषय अगदी रुक्ष. घोड्यांची वैरण आणि दाणा जपून वापरा, एवढाच. हे काम माझ्याकडे आलं असतं तर मी लिहिलं असतं : ‘विषय – वैरणीच्या साठ्याच्या जतनाबाबत. उपरोक्त विषयाच्या अनुषंगाने सर्व संबंधितांस सक्त ताकीद देण्यात येते की...’ आणि सर्व संबंधितांनी ते वाचून त्यावर भाकरी ठेवून खाल्ली असती.

महाराजांच्या पत्रात ताकीद आहेच, पण त्याआधी कारण आहे. आत्ताच मनमानी चारलंत तर ऐन पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी उपाशी मरतील, म्हणजे ती तुम्हीच मारलीत असं होईल. मग तुम्ही गावात शिराल, कोणी कुणब्याचं धान्य आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी भाजी. मग रयतेला वाटेल, यांच्यापेक्षा मोगल बरे! एवढं सांगून पत्र थांबत नाही. छावणीत कोणी चुली पेटवतील, कोणी चिलीम ओढायला विस्तव नेईल, कोणी रात्री दिवा तसाच ठेवील, आणि उंदीर पेटती वात पळवून नेईल. तिनं गवताला आग लागली की सगळा खेळ संपला.

हा उंदीर वाचला आणि मी खुर्चीतून उठलो. राज्य चालवणाऱ्या माणसाच्या पत्रात उंदीर! एका लष्करी परिपत्रकात! पण विचार करा, ‘अग्निसुरक्षेबाबत योग्य ती दक्षता घेण्यात यावी’ हे वाचून कोणता शिपाई रात्री अंथरुणातून उठेल? उंदीर आणि वात वाचली की मात्र तो उठेल आणि दिवा मालवून येईल. पटवणं म्हणतात ते हेच. हुकूम वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढं चित्र उभं करायचं आणि निर्णय त्याचा त्यालाच घेऊ द्यायचा.

खालच्याला लिहिणं एक वेळ सोपं. वरच्याला, तेही शत्रूला, लिहिणं कठीण. औरंगजेबानं १६७९ मध्ये जिझिया कर पुन्हा बसवला, तेव्हा महाराजांच्या नावानं त्याला एक फारसी पत्र गेलं. मसुदा नीलप्रभू मुनशीचा. पुढं इतिहासकार यदुनाथ सरकारांनी त्याचं इंग्रजी भाषांतर केलं. पत्राची सुरुवात बघण्यासारखी आहे. मी आपला हितचिंतक असून, दैवयोगानं आपला निरोप न घेता निघून आलो, असा त्यात उल्लेख आहे. म्हणजे १६६६ साली आग्र्याच्या कैदेतून निसटले, ते! आख्ख्या मोगल साम्राज्याची झोप उडवणाऱ्या प्रकाराला ‘निरोप न घेता निघून येणं’ म्हणायला केवढं काळीज आणि केवढी लेखणी लागत असेल! आमच्या कचेरीत न सांगता रजेवर गेलेल्या शिपायानंही इतका सुंदर खुलासा कधी दिला नाही.

पुढं मुनशीनं बादशहाच्याच घरातले दाखले काढले. अकबर, जहांगीर, शहाजहान यांनी हा कर न घेता राज्यं केली, ती काय दुबळी होती? देव सर्वांचा आहे, एकट्या मुसलमानांचा नाही, हे बादशहाच्याच धर्मग्रंथाच्या आधारानं सांगितलं. रयत गांजली आहे, हे सांगितलं. आणि शेवटी चिमटा काढला : घ्यायचाच तर आधी उदेपूरच्या राणा राजसिंहाकडून घ्या, मग माझ्याकडून घेणं अवघड नाही, मुंग्या-माश्यांना छळण्यात पराक्रम नाही. एकही शिवी नाही, आणि तरीही वाचणाऱ्याला बसल्या जागी मुंग्या याव्यात!

त्या पत्रानं जिझिया उठला नाही, हेही सांगायला हवं. उत्तम मसुद्यानं काम होतंच असं नाही. पण काम झालं नाही तरी कागद राहतो, आणि त्या वेळी कोण काय बोललं होतं ते सांगत राहतो.

कागद राहतो, म्हणूनच तो जपावाही लागतो. ‘ध’ चा ‘मा’ आपल्याला पाळण्यापासून ठाऊक आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारलं. राघोबादादांच्या चिठ्ठीत ‘धरावे’ होतं, त्याचं आनंदीबाईंनी ‘मारावे’ केलं, असं सांगतात. यात खरं किती यावर इतिहासकार खुशाल भांडोत. पण एका अक्षरानं माणूस मरू शकतो, हे मराठी माणसाला त्या गोष्टीनं कायमचं शिकवलं. आमच्या सावकार लोकांना ते आधीच कळलेलं होतं. हुंडीत रक्कम लिहिली की तिची निम्मी रक्कमही लिहायची आणि तिच्या दुप्पट द्यावे म्हणायचं, म्हणजे मागाहून एखादं शून्य वाढवायची सोय नाही. आपण चेकवर आकड्यापुढं ‘फक्त’ लिहितो, ती त्याच शहाणपणाची धाकटी बहीण.

महाराजांच्या पत्रांवर तर शेवटी वेगळी छोटी मुद्रा असे : ‘मर्यादेयं विराजते’. म्हणजे पत्राची मर्यादा इथं संपली. याखाली कोणी काही घुसडेल तर ते आमचं नव्हे. आमच्या कचेरीत अशी मुद्रा असती तर कितीतरी फाइलींचं भलं झालं असतं. आमच्याकडे सहीच्या खालीच खरा मजकूर सुरू व्हायचा.

मग बिघडलं कुठं? लोक म्हणतात, शब्द अवघड झाले. पण शब्दांची खटपट जुनीच आहे. रघुनाथपंत हणमंत्यांच्या देखरेखीखाली झालेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’त चौदाशेच्या आसपास फारसी-यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले होते. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९३१ मध्ये आठ भाषांतला ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ छापवून घेतला. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि त्याच वर्षी भाषा संचालनालय निघालं. ‘टेबल’ला मेज म्हटलं म्हणून मेजावरची फाइल काही जोरात धावत नाही, तशी ती अडतही नाही. अडतं ते क्रियापदाशी. ‘करण्यात येते’, ‘कळविण्यात येते’, ‘नाकारण्यात येत आहे’. कोण करतो? कोण नाकारतो? कर्ता बेपत्ता! शाळेत कर्ता चुकला तर मास्तर छडी मारीत. कचेरीत कर्ता सापडला तर चौकशी लागते. म्हणून तो कोणी ठेवीत नाही.

पण ज्याला पत्र जातं तो बेपत्ता नसतो. माझी आत्या एक्याऐंशी वर्षांची होती, फुप्पांमागं तिला कुटुंबनिवृत्तिवेतन मिळायचं. एका कचेरीतून तिला पत्र आलं, ‘आपला हयातीचा दाखला अप्राप्त असल्याने आपण मयत असल्याचे गृहीत धरून निवृत्तिवेतन थांबविण्यात आले आहे. याबाबत आपले काही म्हणणे असल्यास पंधरा दिवसांत कळवावे.’ पहिल्यांदा आम्ही सगळे पोट धरून हसलो. आत्याही हसली. म्हणाली, “अरे, पंधरा दिवस तरी जगायला दिलेत.” संध्याकाळी मात्र ती गप्प होती. मग हळूच म्हणाली, “तीन महिने झाले पैसे नाहीत. दूध अर्धं केलंय मी. तुला म्हटलं नाही, उगीच कशाला.”

उत्तर मी लिहिलं. संदर्भ, दिनांक, दाखल्याची प्रत, सगळं रीतसर. आत्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “शेवटी लिही : तुमच्या घरीही म्हातारी माणसं असतील.” बत्तीस वर्षांच्या नोकरीत असं वाक्य मी एकाही मसुद्यात पाहिलं नव्हतं. मी ते तसंच लिहिलं. वीस दिवसांनी छापील उत्तर आलं, ‘प्रकरणी योग्य ती कार्यवाही करण्यात आली आहे’. पण तळाशी कोणा कारकुनानं निळ्या शाईनं लिहिलं होतं, ‘आजी, पैसे पुढच्या महिन्यात नक्की जमा होतील. त्रास झाला, माफ करा.’ त्याला ना जावक क्रमांक, ना शिक्का. आत्यानं ते पत्र देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवलं.

आता २०१४ पासून बोट टेकवून जिवंतपणा सिद्ध करायची सोय झाली आहे, आणि २००५ च्या माहितीच्या अधिकारानं दहा रुपयांत फाइलीतली टिपणीसुद्धा मागता येते. म्हणजे समासात ‘कोणाला?’ असं खरडणाऱ्या साहेबांनी आता जपून खरडायला हवं. वाचणारा कोणीही असू शकतो. मला तर वाटतं, प्रत्येक कचेरीत मसुदा वर पाठवण्याआधी एवढंच विचारावं : हे पत्र कोण उघडणार, कुठल्या दिव्याच्या उजेडात, आणि त्याच्या घरी दूध किती येतं? बाकीचं व्याकरण मग आपोआप सुधारेल.

असो. याखाली आणखी काही लिहिलं तर ते घुसडल्यासारखं होईल. मर्यादेयं विराजते.