कंदिलाच्या काचेपासून काचशिल्पापर्यंत

मोठ्या शहरांतील कलादालनांत अलीकडे अधूनमधून एकाच कलावंताच्या काचशिल्पांचे आणि चित्रांचे प्रदर्शन भरते. शिशिर साहना यांच्यासारखे भारतीय कलावंत ही दोन्ही कामे करतात. प्रदर्शन पाहणारा रंगांचे आणि आकारांचे कौतुक करतो व बाहेर पडतो. विज्ञानाच्या शिक्षकाला मात्र तेथे एक वेगळा प्रश्न पडायला हवा. चित्रकाराला कुंचला, रंग आणि कापड पुरते. ते सारे एका पिशवीत मावते. काचेचे शिल्प घडवायचे तर सुमारे १४०० अंश सेल्सिअसपर्यंत तापणारी भट्टी लागते, ती रात्रंदिवस पेटती ठेवणारी माणसे लागतात. मग ही काच एकट्या माणसाच्या हाती आली केव्हा आणि कशी?

या प्रश्नाचा बराचसा इतिहास सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या आधाराने सांगता येतो. तोच येथे थोडक्यात मांडण्याचा आमचा विचार आहे.

उलटे चित्र

काचेवर चित्र काढण्याची कला काचशिल्पापेक्षा आपल्याकडे पुष्कळ आधी रुजली. अठराव्या शतकात चीनच्या कँटन बंदरातून अशी चित्रे व्यापारी मार्गाने पश्चिम भारतात येऊ लागली. पुढे येथेही ती तयार होऊ लागली. कच्छ, सातारा, म्हैसूर, तंजावर अशा ठिकाणी, विशेषतः दरबारांच्या आश्रयाने, ही कला वाढली. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशी काचचित्रे पाहता येतात.

या चित्रांची रीत उलटी आहे. चित्र काचेच्या मागच्या बाजूवर काढायचे आणि पुढच्या बाजूने पाहायचे. कागदावर आपण आधी पार्श्वभूमी रंगवतो, मग चेहरा आणि शेवटी डोळ्यांतील बुबुळे व नथीतले मोती. येथे मोती आणि बुबुळे पहिल्यांदा, मग चेहरा, मग वस्त्रे आणि सर्वांत शेवटी पार्श्वभूमी. डावे-उजवेही बदलते. एकदा चेहऱ्याचा रंग भरला की डोळा सुधारता येत नाही, कारण तो रंगाखाली गेलेला असतो.

ही चित्रे इतकी तेजस्वी का दिसतात? रंग काचेला थेट चिकटलेला असतो, मध्ये हवेचा थर नसतो. त्यामुळे कोरड्या, खरबरीत रंगपृष्ठावर प्रकाश इतस्ततः विखुरतो आणि रंग फिका वाटतो, तसे येथे होत नाही. दुर्बळ बाजूही हीच आहे. काच पाणी शोषत नाही, म्हणून रंग तिच्यात मुरत नाही. दमट हवेत मागून पोपडे सुटतात.

पण लक्षात घ्यायची गोष्ट अशी, की या कामाला भट्टी लागत नाही. तयार सपाट काच मिळाली की घरी बसून एकटा माणूस चित्र पुरे करू शकतो. म्हणून काचचित्र आधी आले. शिल्पाला आणखी वाट पाहावी लागली.

१९१६: एका संस्थानातील दोन घटना

आजच्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांत विखुरलेले औंध हे छोटे संस्थान होते. १९०९ साली भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी तेथे गादीवर आले. ते स्वतः चित्रकार होते. त्यांनी काढलेल्या रामायणावरील चित्रांचे पुस्तक १९१६ साली प्रसिद्ध झाले. याच राजाच्या आश्रयाने लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. ती आज सांगली जिल्ह्यात आहे. आणि १९१६ सालीच कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा काच कारखाना उभा राहिला. त्या वसाहतीचे नाव ओगलेवाडी. कऱ्हाडचे रेल्वे स्थानक आजही ओगलेवाडीतच आहे.

त्या वर्षी काच कारखाना निघावा याला कारण होते. आपल्याकडे काच मुख्यतः परदेशातून, त्यातही जर्मनी व ऑस्ट्रियाहून बरीच येई. पहिल्या महायुद्धाने ती वाट बंद केली. त्याआधी स्वदेशीच्या चळवळीने जमीन तयार केली होतीच. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा गोळा करून पैसा फंड उभारला आणि त्यातून तळेगावला १९०८ साली काच कारखाना सुरू झाला. अमेरिकेत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तेथे होते.

ओगलेवाडीची ओळख झाली ती कंदिलाने. ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रातील खेडोपाडी पोहोचला. ओगले बंधूंच्या वडिलांचे नाव प्रभाकर, आणि प्रभाकर म्हणजे सूर्यही. वीज येण्यापूर्वी आपल्या कितीतरी वाचकांच्या आजोबा-आजींनी याच उजेडात पाढे पाठ केले असतील.

कंदिलाची काच ही साधी वस्तू नव्हे. आत ज्योत, बाहेर पावसाचे थेंब. थेंब पडला की बाहेरचा थर एकदम आकसू पाहतो, आतला तप्त थर त्याला आकसू देत नाही. बाहेरच्या पृष्ठावर ताण येतो आणि काच तडकते. जाड काचेत आत-बाहेरच्या तापमानातील फरक जास्त, म्हणून जाड काच लवकर तडकते. कंदिलाची काच पातळ असते ती केवळ काटकसर म्हणून नव्हे.

तापवणे सोपे, निववणे कठीण

शिल्पकारापुढची अडचणही हीच, पण कितीतरी पटींनी मोठी. वाळू एकटी वितळवायची तर सुमारे १७०० अंश लागतात. सोडा मिसळला की हे तापमान बरेच खाली येते, पण मग काच पाण्यात विरघळू लागते. ते टाळण्यासाठी चुनखडी घालतात. वाळूतील लोहामुळे हिरवट झाक येते. कोबाल्टने निळा रंग मिळतो, मँगनीजने जांभळा.

वितळलेल्या काचेला आकार देणे हे निम्मेच काम. आकार दिलेली वस्तू सुमारे ५०० ते ५५० अंशांवर काही काळ ठेवून मग सावकाश निववावी लागते. नाही तर आत ताण अडकून राहतो आणि वस्तू काही दिवसांनी, कोणी हात न लावताही, फुटू शकते. यासाठी लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. येथे वर्गात सोडवण्याजोगे एक गणित आहे. २ मिलिमीटर जाडीच्या काचेला ५ मिनिटे पुरतात असे धरू. १० सेंटिमीटर जाडीचे शिल्प तिच्या ५० पट जाड. म्हणून वेळ २५०० पट, म्हणजे १२,५०० मिनिटे. साडेआठ दिवसांहून अधिक! पालोमार वेधशाळेच्या २०० इंची दुर्बिणीच्या आरशासाठी अमेरिकेतील कॉर्निंग येथे १९३४ च्या डिसेंबरात काच ओतली; ती निववायला सुमारे दहा महिने लागले.

काच मुळात फार हळू वाहणारा द्रव आहे, जुन्या खिडक्यांच्या काचा म्हणून खाली जाड झाल्या, असे अजूनही वर्गात सांगितले जाते. हे खरे नाही. ब्राझीलचे संशोधक झानोट्टो यांनी १९९८ साली हिशेब मांडला. नेहमीच्या तापमानाला असा प्रवाह दिसायला विश्वाच्या वयाहून कितीतरी अधिक काळ लागेल. जुन्या काचा असमान आहेत त्या बनवण्याच्या पद्धतीमुळे.

कंदील, केक आणि छोटी भट्टी

अमेरिकेतही गोष्ट कंदिलापासूनच सुरू होते. रेल्वेचे सिग्नल कंदील पाऊस-बर्फात तडकत. त्यावर उपाय म्हणून कॉर्निंगच्या कारखान्याने उष्णतेने कमी प्रसरण पावणारी बोरोसिलिकेट काच तयार केली. ओटो शॉट यांनी जर्मनीत अशा काचेचा पाया आधीच घातला होता. कॉर्निंगचे भौतिकशास्त्रज्ञ जेसी लिटलटन यांनी १९१३ साली याच जातीच्या काचेच्या बॅटरीच्या बरणीचा बूड कापून घरी नेला आणि पत्नी बेसी यांनी त्यात केक भाजला. काच फुटली नाही. १९१५ साली ‘पायरेक्स’ची भांडी बाजारात आली.

याच दांपत्याचा मुलगा हार्वे लिटलटन मातीकामाचा प्राध्यापक झाला. काच कारखान्यातच का, कलावंताच्या खोलीत का नाही, असा त्याचा प्रश्न होता. १९६२ च्या मार्चमध्ये टोलेडो येथील कला संग्रहालयाने दिलेल्या शेडमध्ये त्याने छोटी भट्टी बांधून कार्यशाळा घेतली. पहिला प्रयत्न फसला, मूस फुटली. तेव्हा काच उद्योगातील संशोधक डॉमिनिक लाबिनो यांनी भट्टीत बदल सुचवला आणि काचतंतू बनवण्यासाठी वापरतात त्या गोट्या आणून दिल्या. या गोट्या कमी तापमानाला वितळतात. काच फुंकता आली. तेथून एकट्या कलावंताची काच जगभर पसरली.

दोन्हीकडे कंदील होता. ओगलेवाडीजवळ तर चित्रकार राजाही होता. १९३८ साली त्याने औंधला श्रीभवानी संग्रहालय उभारले. हेन्री मूर यांचे ‘माता आणि मूल’ हे शिल्प तेथे आहे. पण येथील भट्टी मालासाठी होती, प्रयोगासाठी नव्हे. छोटी भट्टी, संशोधक, विद्यापीठ आणि संग्रहालय एका शेडमध्ये आले नाहीत. १९४८ साली संस्थान विलीन झाले. वीज आली, कंदील गेले आणि पुढे कारखानाही बंद पडला. यात राजाचा किंवा कारखानदारांचा दोष शोधणे योग्य होणार नाही. स्वदेशीच्या त्या काळात आधी उजेड हवा होता, आणि तो त्यांनी दिला.

नाव कोणाचे?

एकल प्रदर्शनाच्या फलकावर एकच नाव असते. अमेरिकेचे प्रसिद्ध काचकलावंत डेल चिहुली यांचा एक डोळा १९७६ च्या अपघातात गेला, १९७९ साली खांदा दुखावला. त्यानंतर काच फुंकण्याचे काम त्यांचे सहकारी करत आले. म्हणजे ‘एकट्याची’ काचही पूर्ण एकट्याची होत नाही. ओगलेवाडीच्या कंदिलावर तर फुंकणाऱ्याचे नाव कधीच नव्हते. वितळलेल्या काचेचा रंग पाहून तिचा घट्टपणा ओळखणे, नळी फिरवण्याचा वेग, फुंकरीचा जोर, हे ज्ञान हातात असते, पुस्तकात उतरत नाही. हात गेले की तेही जाते. आमच्या मते कारखाना बंद पडण्यातील खरे नुकसान हे आहे.

सातारा-सांगलीच्या शिक्षकांना येथे करण्यासारखे बरेच आहे. मुलांना घरातील जुना कंदील शोधायला सांगा. काचेवर साच्याची शिवण दिसते का, बुडबुडे आहेत का, कडेने पाहिल्यास हिरवट दिसते का, याची नोंद करवून घ्या. पारदर्शक प्लॅस्टिकच्या तुकड्यावर उलटे चित्र काढून पाहा. पहिला ठिपका डोळ्याचा ठेवा. आणि कऱ्हाडच्या आसपास ज्या घरांत कोणी काचेच्या भट्टीवर काम केले असेल, तेथे मुलांना वही घेऊन पाठवा. काय वितळवत, कसे ओळखत, काय फुटे, हे त्यांनी लिहून घ्यावे. सांगणाऱ्याची संमती असेल तर त्याचे नाव वहीच्या पहिल्या पानावर लिहावे.