यू. एस. बँक स्टेडियम

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात, मिनीॲपोलिस शहराच्या मध्यवस्तीतील अमेरिकन फुटबॉलचे बंदिस्त स्टेडियम. ‘मिनेसोटा व्हायकिंग्ज’ या व्यावसायिक संघाचे हे घरचे मैदान २०१६ मध्ये खुले झाले. आसनक्षमता सुमारे ६६,०००. मालकी सार्वजनिक प्राधिकरणाकडे आहे. बांधकामापेक्षाही, त्यासाठी लोकांचा पैसा कसा उभा केला गेला, हा या स्टेडियमच्या इतिहासातील महत्त्वाचा भाग होय.

याच जागी १९८२ पासून ‘मेट्रोडोम’ उभे होते. त्याचे कापडी छत पंख्यांच्या हवेने फुगवून तोलून धरलेले असे. १२ डिसेंबर २०१० रोजी बर्फाच्या ओझ्याने ते फाटले. आतल्या कॅमेऱ्याच्या चित्रणात छत आधी खाली झोळते आणि मग उसवलेल्या पोत्यातून मीठ सांडावे तसा बर्फ मैदानावर कोसळतो. छत पुढे दुरुस्त झाले. पण संघाचा भाडेकरार २०११ च्या हंगामानंतर संपत होता आणि संघ दुसऱ्या शहरात जाईल, ही धास्ती वाढत गेली. एप्रिल २०१२ मध्ये विधिमंडळाच्या एका समितीने स्टेडियमचा प्रस्ताव फेटाळला, तेव्हा संघ ज्या लीगमध्ये खेळतो तिचे आयुक्त रॉजर गुडेल स्वतः राज्याच्या राजधानीत, सेंट पॉलला येऊन नेत्यांना भेटले. महिनाही उलटला नाही तोच, १४ मे २०१२ रोजी राज्यपाल मार्क डेटन यांनी विधेयकावर सही केली.

मूळ अंदाज ९७.५ कोटी डॉलरचा होता. त्यात राज्याचे ३४.८ कोटी आणि शहराचे १५ कोटी, म्हणजे निम्म्याहून थोडा अधिक वाटा सार्वजनिक तिजोरीचा. क्रीडासुविधेवर एक कोटी डॉलरहून जास्त खर्च करायचा तर नागरिकांचे मत घ्यावे, अशी अट मिनीॲपोलिसच्या सनदेत होती. राज्याच्या कायद्याने ती बाजूला सारली आणि नगर परिषदेने ७ विरुद्ध ६ मतांनी योजना मान्य केली. ज्या प्रश्नासाठी ही अट घातलेली होती, नेमका तोच प्रश्न नागरिकांपुढे आला नाही. हा या व्यवहारातील सर्वांत मोठा दोष मानावा लागेल.

राज्याचा वाटा ‘पुल-टॅब’च्या करातून यायचा होता. बारमध्ये मिळणाऱ्या या कागदी तिकिटाच्या पट्ट्या ओढून उघडायच्या; आतली चित्रे जुळली की बक्षीस. खेळ चालवतात धर्मादाय संस्था आणि नफ्यातून स्थानिक हॉकी क्लबसारख्यांना मदत मिळते. स्टेडियमसाठी हा खेळ टॅब्लेटवर आणला गेला. पहिल्या वर्षाचा अंदाज होता ३.५ कोटी डॉलरचा. पण फारच थोड्या बारनी ही यंत्रे ठेवली आणि अपेक्षेच्या मानाने हाती काहीच आले नाही. २०१३ मध्ये सिगारेटच्या साठ्यावर एकवेळचा कर लावून आणि कंपन्यांच्या करातील एक पळवाट बुजवून ही तूट भरून काढावी लागली.

पुढे टॅब्लेटवरचा खेळ फोफावला आणि त्याच्या करातून स्टेडियमच्या निधीत पैसा साचत गेला. २०२३ मध्ये राज्याने उरलेले सुमारे ३७.७ कोटी डॉलरचे कर्ज मुदतीच्या वीस वर्षे आधी फेडले. हा पैसा मुख्यतः बारमध्ये खेळून हरलेल्यांच्या खिशातून आला. त्यातील अनेकांनी या स्टेडियममध्ये कधी पाऊलही टाकले नसेल.