मिनिटाचा फोटो

दिवाळीत नात पुण्याहून आली ती गळ्यात निळा, खेळण्यासारखा दिसणारा कॅमेरा अडकवूनच. बटण दाबलं की वरून कार्ड बाहेर येतं आणि त्यावर हळूहळू माणूस उमटतो. इन्स्टॅक्स म्हणतात त्याला. फुजीवाल्यांनी 1998 साली काढला. "आजोबा, तुमच्या वेळी असलं काही नव्हतं ना?" तिने विचारलं. मी हसलो. होतं की बाई! लाकडाची पेटी होती एवढाच काय तो फरक.

साल 1961. बाबा बैलजोडी घ्यायला वणीला रंगनाथ स्वामींच्या जत्रेत गेले होते आणि आई नि मी मागाहून एस.टी.ने गेलो. बैलबाजाराच्या कडेला एक फोटोवाला बसला होता. मागे ताजमहाल रंगवलेला पडदा, समोर स्टूल आणि तिकाटण्यावर काळी पेटी. पेटीला मागे कापडाची बाही. लोक त्याला मिनिट कॅमेरा म्हणत, वेळ मात्र चांगली पाव तास लागे!

मंडळी, त्या पेटीतलं तंत्र मोठं मजेशीर होतं. फिल्म नाहीच, सगळं कागदावर. भिंगावरचं झाकण काढायचं, मनात दोन-तीन अंक मोजायचे नि परत लावायचं. मग बाहीतून हात घालून, न बघता, आतल्याच दोन तबकांत कागद बुडवायचा, आधी डेव्हलपरमध्ये, मग हायपोत. बाहेर येई तो उलटा फोटो, म्हणजे काळ्याचं पांढरं नि पांढऱ्याचं काळं. तो भिंगासमोरच्या फळीवर चिकटवून त्याचाच पुन्हा फोटो काढला की सुलटा मिळे. शेवटी बादलीत खळबळून ओलाच हातात. पेटीतच अख्खी डार्करूम! काबूलमध्ये अशाच पेटीला ‘कामरा-ए-फौरी’ म्हणत. जयपुरातही अलीकडेपर्यंत असे फोटो काढून मिळत.

त्या कागदाला लाल रंग दिसत नसे, त्यामुळे आईचं कुंकू फोटोत काळं ठिक्कर आलं. आपण सगळेच मूळ रंगापेक्षा दोन छटा सावळे! आई जरा हिरमुसली, पण पैसे देताना तिने फळीवरच्या उलट्या फोटोकडे बोट दाखवलं.

"थो काया फोटू बी द्या ना भाऊ मले."

"थो काय कामाचा वो बाई?"

"असू द्या. पैसे देले, दोन निंघाले, त मंग दोन्ही माये."

फोटोवाल्याने मुकाट्याने दिला. सुलटा फोटो फ्रेम करून ओसरीवर लागला. उलटा आईने पोथीत ठेवला.

आता खऱ्या पोलरॉइडकडे वळतो. एडविन लँड या अमेरिकन शास्त्रज्ञाला 1943 साली त्याच्या तीन वर्षांच्या मुलीने विचारलं की काढलेला फोटो लगेच का दिसत नाही. त्या प्रश्नातून 1948 च्या नोव्हेंबरात बोस्टनमध्ये त्याचा कॅमेरा विक्रीला आला. पुढे 1972 मध्ये एसएक्स-70 निघाला. त्यात फोटो आपोआप बाहेर येई, सोलायचं-पुसायचं काही नाही. कागदाच्या खालच्या जाड पांढऱ्या पट्टीत रसायनाची पुडी असते. बाहेर येताना रूळ ती फोडतात आणि रसायन आत पसरतं. म्हणजे उलटा-सुलटा सगळा कारभार एकाच कागदाच्या पोटात. निगेटिव्ह वेगळी निघतच नाही!

आमच्या घाटंजीच्या ओसरीत असा कॅमेरा आला 1983 मध्ये. माझा चुलतभाऊ न्यू जर्सीहून आला होता. त्याने बाबांचा फोटो काढला. धोतर, टोपी, हातात अडकित्ता. पाच मिनिटांत बाबा कागदावर उतरले तेव्हा गल्लीतली पोरं पाहायला जमली. भाऊ म्हणाला, "हा काकूला दाखवतो नि परत पाठवतो." नेला. परत काही आला नाही. दुसरी प्रत निघायची सोयच नव्हती. बाबा 1986 ला गेले. तेरवीला हार घालायला फोटो नव्हता, तेव्हा एका लग्नाच्या ग्रुप फोटोतून त्यांचा चेहरा कापून मोठा केला. तो बाबांसारखा दिसत नाही, हे मी आज पहिल्यांदा लिहितोय.

आईचं उलट झालं. ती 1974 मध्येच गेली. ओसरीवरचा फोटो उन्हाने नि चुलीच्या धुराने इतका उडाला की नुसता पदर उरला. काही वर्षांपूर्वी पोथी चाळताना तो काळा कागद सापडला. पुतण्याने स्कॅन करून संगणकावर सुलटा केला नि आई समोर आली, अगदी लख्ख! पण काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की नाकातली चमकी उजवीकडे आहे. निगेटिव्ह आरशासारखी असते ना! पुतण्याने एक बटण दाबलं आणि चमकी डावीकडे गेली. मग मात्र मला चष्मा पुसावा लागला.

पोलरॉइड कंपनीचं 2001 साली दिवाळं निघालं, 2008 मध्ये तिने फिल्म बंद करायचं जाहीर केलं. हॉलंडमधल्या एन्शेडेचा शेवटचा कारखाना काही हौशी लोकांनी वाचवला आणि 2010 पासून पुन्हा फिल्म निघू लागली. असो.

न्यू जर्सीची मंडळी हे वाचत असतील तर त्यांना एक विनंती. भाऊ आता नाही. त्याच्या जुन्या अल्बममध्ये, पाकिटांमध्ये एकदा बघा. चौकोनी फोटो, खालची पांढरी पट्टी जाड. रंग पिवळट पडला असेल. मूळ तुमच्याकडेच राहू द्या, मला फक्त मोबाईलवर पाठवा.

नातीने परवा निघताना माझा नि आजीचा फोटो काढला. "हा मी नेते हं," म्हणाली. पाकिटात दहाच कागद येतात म्हणे. तरी मी म्हटलं, "थांब. दोन काढ."