पुढचा फटका

मी गोल्फ खेळत नाही. कधी हातात काठीही धरलेली नाही. तरी 14 एप्रिल 2025 ला, सोमवारी पहाटे, घरातले सगळे झोपलेले असताना मी टीव्हीचा आवाज बंद करून मास्टर्सचा शेवटचा दिवस बघत बसलो होतो. कारण या स्पर्धेचा एक जुना हिशोब माझ्या डोक्यात होता.

सुरुवात 1996 पासून. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेग नॉर्मनने ऑगस्टाला पहिल्या दिवशी 63 चा स्कोअर केला. तीन दिवसांनंतर तो निक फाल्डोच्या सहा फटके पुढे होता. शेवटच्या दिवशी मात्र नवव्या, दहाव्या, अकराव्या होलवर ओळीने एकेक फटका गेला आणि बाराव्याला चेंडू पाण्यात! नॉर्मन 78, फाल्डो 67. सहा फटक्यांची आघाडी होती, तो पाच फटक्यांनी हरला. हातातोंडाशी आलेला घास...

आता गंमत बघा. याला आत्मविश्वास नव्हता असं कोण म्हणेल? दोनदा ब्रिटिश ओपन जिंकलेला माणूस तो. मग झालं काय?

मला वाटतं, दोष थोडा या खेळातच आहे. क्रिकेटमध्ये चेंडू अंगावर येतो, विचार करायला वेळच नसतो. गोल्फचा चेंडू तुमची वाट बघत गवतात पडून राहतो. चार-साडेचार तासांत प्रत्यक्ष फटके मारण्यात काही मिनिटंच जातात. बाकी वेळ चालायचं, आणि चालताना मन मागच्या चुकीकडे नाहीतर पुढच्या कपाकडे धावतं.

2011 मध्ये रोरी मॅकिलरॉयचं तेच झालं. वय 21, चार फटक्यांची आघाडी आणि शेवटच्या दिवशी 80! पण दोनच महिन्यांत त्याने यूएस ओपन आठ फटक्यांनी जिंकली. म्हटलं, सावरला पोरगा. तरी मास्टर्स काही मिळेना. 2014 नंतर तर कुठलीच मेजर नाही.

म्हणून त्या पहाटेचा जागर. दोन फटक्यांची आघाडी घेऊन आला आणि पहिल्याच होलवर डबल बोगी. आघाडी साफ! पुन्हा पुढे गेला, तर तेराव्याला अगदी सोपा वाटणारा छोटा फटका ओढ्यात. अठराव्याला जिंकून देणारा जेमतेम पाच फुटांचा पट हुकला. मी मनात म्हटलं, झालं, पुन्हा नॉर्मन.

प्लेऑफ जस्टिन रोझशी, त्याच अठराव्या होलवर. ज्या जागी नुकताच हुकला, तिथेच परत जायचं. त्याने चेंडू होलच्या चार-एक फुटांवर आणून टाकला, पट घातला आणि गुडघ्यांवर कोसळून रडला. चारही मेजर जिंकणारा तो सहावा.

त्या चार दिवसांत त्याने चार डबल बोगी केल्या होत्या. म्हणजे मनाची ताकद ही न डगमगण्यात नसावी. डगमगल्यावर पुढचा फटका नवा समजून खेळता येणं, एवढीच ती असावी. आणि ते शिकायला त्याला 14 वर्षं लागली.

नॉर्मनला मात्र ते हिरवं जाकीट कधीच मिळालं नाही. पण हरल्यावर तो पत्रकारांसमोर शांतपणे बसला, सगळ्या प्रश्नांना उत्तरं दिली. तेही मला कमी वाटत नाही.

असो. टीव्ही बंद केला तेव्हा दूधवाला आला होता.