वीज नियामक आयोग आणि हरित विजेचे बंधन

महाराष्ट्र राज्य वीज मंडळ १९६० मध्ये स्थापन झाले. मुंबईसारखे अपवाद सोडले तर राज्यात वीज पोचवणारे, विकणारे आणि दर ठरवणारेही तेच. वर वचक होता तो फक्त सरकारचा. कृषिपंपांना मीटरऐवजी अश्वशक्तीवर आकारणी होऊ लागली, तशी शेतीला नेमकी किती वीज जाते हे अंदाजानेच सांगितले जाऊ लागले. गळती आणि चोरी त्या अंदाजात सोयीस्करपणे जिरत गेली.

एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाने हा कारभार चव्हाट्यावर आणला. मंडळाने १९९३ मध्ये वीजखरेदीचा करार केला, तेव्हा त्यातल्या दराची जाहीर छाननी करील अशी यंत्रणाच नव्हती. १९९८ च्या केंद्रीय कायद्यानंतर, १९९९ मध्ये राज्याचा वीज नियामक आयोग आला आणि दरवाढीच्या पहिल्याच प्रस्तावावर जाहीर सुनावणी झाली. पुण्याच्या ‘प्रयास’सारख्या संस्थांनी मंडळाचेच आकडे त्याच्यापुढे मांडले. तोवर अठरा टक्क्यांच्या आसपास सांगितली जाणारी गळती तीस टक्क्यांवर गेली. त्या सुनावणीतून ठरलेल्या दरांपेक्षा ही कबुली मोलाची होती.

२००३ च्या वीज कायद्याने आयोगावर नवे काम सोपवले: वितरण कंपन्यांनी किती टक्के वीज अपारंपरिक स्रोतांतून घ्यावी हे ठरवण्याचे. ऑगस्ट २००६ च्या आदेशात २००६-०७ साठी ३ टक्के आणि दरवर्षी एकेक वाढवत २००९-१० साठी ६ टक्के असा क्रम लावला गेला. हे हवेतले आकडे नव्हते. सातारा-सांगलीच्या पठारांवर पवनचक्क्या फिरत होत्या, साखर कारखाने उसाच्या चिपाडावर वीज करत होते, आणि दोघांचे खरेदीदरही आयोगाने आधीच ठरवून दिले होते.

२०१० च्या विनियमांत सौर विजेचा वेगळा वाटा आला, सुरुवातीला अवघा पाव टक्का. सौर वीज तेव्हा महाग होती. प्रत्यक्ष वीज न घेता बाजारातून प्रमाणपत्रे घेण्याची सोय असूनही तूट राहिली. आयोगाने दंडापेक्षा सवलतीच अधिक दिल्या. साहजिकच बंधनाचा धाक राहिला नाही.

पुढे सौर विजेचे दर कोसळले आणि लक्ष्ये झपाट्याने चढली. २०१९ च्या विनियमांत २०२४-२५ साठी २५ टक्के, तर केंद्राच्या २०२३ च्या अधिसूचनेत २०२९-३० साठी ४३.३३ टक्के. या अधिसूचनेत छतावरील संचांसारख्या विकेंद्रित विजेचा हिस्सा स्वतंत्र धरला असून तूट राहिल्यास दंड होतो तो ऊर्जा संवर्धन कायद्याखाली.