आइस हॉकी : मूलभूत कौशल्यांचे प्रशिक्षण

बर्फाच्या रिंगणावर स्केट घालून खेळायच्या या खेळात एका संघाचे गोलरक्षकासह 6 खेळाडू मैदानात असतात. चकती (पक) कडक रबराची, 7.62 सेंमी. व्यासाची, 2.54 सेंमी. जाडीची असते.

प्रशिक्षणाचा पाया म्हणजे स्केटिंग, काठी नंतर. स्केटच्या पात्याच्या तळाला लांबीभर बारीक खोबण असते, त्यामुळे आतली व बाहेरची अशा दोन धारा तयार होतात. गुडघे वाकवून, भार या धारेवरून त्या धारेवर नेत वळणे, पाय ओलांडत वेग घेणे, उलटे धावणे आणि पाते आडवे करून बर्फ खरवडत थांबणे हे आधी घोटून घेतात. नवशिक्याची खरी परीक्षा थांबण्यातच होते. मग मान वर ठेवून चकती खेळवणे, पास देणे-झेलणे आणि मनगटी फटका. गोलरक्षकाचे शिक्षण वेगळेच.

या सरावासाठी लागणारा बर्फ सगळीकडे मिळत नाही. उदाहरणार्थ, सातारा जिल्ह्यातील पाचगणी सुमारे 1,300 मी. उंचीवरचे थंड हवेचे ठिकाण. पण तेथे नैसर्गिक बर्फाचे रिंगण धरत नाही. अशा ठिकाणी एका रांगेत चाके असलेल्या इनलाइन स्केटवर तोल, पाय ओलांडणे व चकती हाताळणे शिकता येते. धारेवर थांबणे मात्र बर्फावरच शिकावे लागते. त्यासाठी लेहला जायचे तर उंची सुमारे 3,500 मी.; तेथे विरळ हवेची सवय होईपर्यंत जोरकस सराव टाळतात. 2024 मध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांतील आइस हॉकी लेहमध्येच झाली.