नळ्यांच्या बॉयलरचा आद्य कर्ता कोण ?
(मार्क सेगँ व फ्रान्सांतील पहिलीं वाफेचीं एंजिनें)

आगगाडीच्या एंजिनाचा इतिहास सांगतांना इंग्रज ग्रंथकार स्टीफन्सन पितापुत्रांना अग्रस्थान देतात, तर फ्रेंच ग्रंथकार त्याच प्रकरणांत मार्क सेगँ याचें नांव पुढें करितात. हा वाद वरवर पाहतां राष्ट्राभिमानाचा दिसतो. परंतु त्याच्या मुळाशीं एक निश्चित वस्तु आहे. ती म्हणजे अनेक नळ्यांचा बॉयलर. घोड्याच्या चालीनें कोळसा ओढणाऱ्या यंत्राला ताशीं वीसपंचवीस मैल धांवावयास लावणाऱ्या ज्या सुधारणा झाल्या, त्यांत हिचें महत्त्व सर्वांत अधिक. तिचें श्रेय कोणाचें, हें ठरविण्यास तारखा व कागद यांवांचून दुसरें साधन नाहीं. प्रस्तुत लेखांत त्या तारखा क्रमानें मांडून कोणत्या पक्षाचें म्हणणें कितपत टिकतें हें पाहावयाचें योजिलें आहे.

आरंभीं एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. फ्रेंच सैन्यांतील इंजिनियर निकोला जोझेफ क्यून्यो यानें १७६९-७० च्या सुमारास तोफा वाहून नेण्याकरितां वाफेवर चालणारी तीन चाकांची गाडी केली होती. ती अद्यापि पॅरिस येथील कला व उद्योगांच्या संग्रहालयांत पाहावयास मिळते. परंतु ती सडकेवरची गाडी होती. रुळांशीं तिचा कांहीं संबंध नव्हता, व तिच्यापासून पुढील एंजिनांची परंपराहि निघाली नाहीं. आपल्या प्रश्नापुरतें तिला बाजूस ठेवणेंच योग्य.

फ्रान्समध्यें लोहमार्गाचा जन्म राजधानींत झाला नाहीं. तो सेंत एतिएनच्या कोळशाच्या खाणींपाशीं झाला. ह्या खाणींतील कोळसा जलमार्गापर्यंत नेण्यास बैल, खेचरें व गाड्या यांवर फार खर्च होई. म्हणून १८२३ सालीं लुई आंत्वान बोनिए याच्या मंडळीस सेंत एतिएनपासून ल्वार नदीवरील आंद्रेझियपर्यंत लोहमार्ग बांधण्याचा मक्ता मिळाला, व १८२७ सालीं तो मार्ग सुरू झाला. युरोपखंडाच्या मुख्य भूमीवरील अगदीं पहिल्या लोहमार्गांत त्याची गणना होते. त्यावर गाड्या ओढीत ते घोडे. वाफेचा प्रश्न उत्पन्न झाला तो पूर्वेकडील दुसऱ्या मार्गामुळें. सेंत एतिएनहून रीव्ह-द-जिए व जिव्हॉर यांवरून लिऑंपर्यंत जाणाऱ्या सुमारें ५८ किलोमीटर लांबीच्या मार्गाचा मक्ता १८२६ सालीं सेगँ बंधूंच्या मंडळीस मिळाला. ह्या कामांत त्यांचा एक सहकारी एद्वार बिओ हा होता. प्रसिद्ध पदार्थविज्ञानवेत्ता झां बाप्तिस्त बिओ याचा हा पुत्र पुढें चिनी विद्येचा मोठा पंडित म्हणून नांवाजला.

मार्क सेगँ याचा जन्म आनोने येथें २० एप्रिल १७८६ रोजीं झाला. विमानविद्येच्या इतिहासांत अजरामर झालेल्या माँगोल्फिए बंधूंच्या नात्यांतलाच तो होता. लोहमार्गाकडे वळण्यापूर्वींच त्यानें नांव कमाविलें होतें: लोखंडी तारांच्या दोरांवर टांगलेला पूल त्यानें व त्याच्या बंधूंनीं रोन नदीवर तूर्नों येथें बांधून १८२५ सालीं रहदारीस खुला केला. त्याच सुमारास रोनच्या जोरदार प्रवाहाविरुद्ध वाफेच्या नौका चालविण्याच्या खटपटींतहि तो होता. थोड्या जागेंत व थोड्या वजनांत पुष्कळ वाफ कशी उत्पन्न करावी, हा प्रश्न नौकेच्या धंद्यांतच त्याच्यापुढें उभा राहिला. पुढें इंग्लंडांत जाऊन तेथील लोहमार्ग त्यानें समक्ष पाहिले, तेव्हां तोच प्रश्न रुळांवरहि आहे असें त्यास दिसून आलें.

तो प्रश्न असा. त्या वेळच्या एंजिनांच्या बॉयलरमधून भट्टीच्या ज्वाळा व तप्त वायु नेणारी एकच मोठी नळी असे. फार तर ती एकदां वळवून मागें आणीत. पाण्यास उष्णता मिळे ती ह्या नळीच्या पृष्ठभागांतून. पृष्ठभाग थोडा, म्हणून वाफ थोडी. आणि वाफ थोडी, म्हणून वेग थोडा. बरीचशी उष्णता धुराड्यावाटे फुकट जाई. आतां, बारा इंच व्यासाच्या एका नळीचें जितकें क्षेत्र तितकेंच तीन इंच व्यासाच्या सोळा नळ्यांचें. परंतु त्या सोळा नळ्यांचा एकत्र परिघ मात्र मोठ्या नळीच्या चौपट भरतो. म्हणजे वायूला वाट तेवढीच राहून उष्णता घेणारा पृष्ठभाग चौपट झाला. युक्ति एवढीच, परंतु एंजिनाचें सारें भवितव्य तीवर अवलंबून होतें.

सेगँनें ह्या युक्तीचें पेटंट मागितलें व तें त्यास २२ फेब्रुवारी १८२८ रोजीं मिळालें. ह्या वादांतील पहिला भक्कम कागद तो हाच. त्याच वर्षीं त्याच्या मंडळीनें स्टीफन्सनच्या कारखान्यांतून दोन एंजिनें आणविलीं. त्यांपैकीं एक लिऑंस राहिलें व दुसरें आरास येथील आलेत नांवाच्या यंत्रकाराकडे अभ्यासासाठीं गेलें. हीं इंग्रजी यंत्रें सेगँला मापदंडासारखीं उपयोगीं पडलीं. त्यानें स्वतः दिलेल्या हिशोबाप्रमाणें त्यांत ताशीं सुमारें ३०० किलोग्रॅम वाफ होई. त्याच्या स्वतःच्या बॉयलरांत ती १२०० किलोग्रॅमपर्यंत गेली. ह्या बॉयलरांत ४३ नळ्या होत्या. एंजिनास चार चाकें असून सिलिंडर दोन्ही बाजूंस उभे बसविलेले होते. धुराडें आंखूड असल्यामुळें भट्टीस वारा पुरविण्यासाठीं कोळशाच्या गाडीवर मोठे पंखे बसवून ते तिच्या चाकांकडून फिरवीत. ह्या एंजिनाची चाचणी लिऑं येथें ७ नोव्हेंबर १८२९ रोजीं झाली. फ्रान्समध्यें घडविलेलें व रुळांवर चाललेलें पहिलें एंजिन तें हेंच.

आतां इंग्लंडाकडे वळूं. लिव्हरपूल-मँचेस्टर मार्गाच्या चालकांनीं उत्तम एंजिनास ५०० पौंडांचें बक्षीस लावून ऑक्टोबर १८२९ मध्यें रेनहिल येथें चढाओढ भरविली. तींत रॉबर्ट स्टीफन्सनच्या न्यूकॅसल येथील कारखान्यांत तयार झालेलें 'रॉकेट' विजयी झालें. 'रॉकेट'च्या बॉयलरांत तीन इंच व्यासाच्या तांब्याच्या २५ नळ्या होत्या, व नुसत्या नळ्यांचाच पृष्ठभाग सुमारें ११८ चौरस फूट होता. त्याचा वेग एका वेळीं ताशीं सुमारें २९ मैलांपर्यंत गेला. त्याच्या प्रतिस्पर्ध्यांपैकीं टिमथी हॅकवर्थच्या 'सां पारेय'मध्यें जुनी वळविलेली नळीच होती. नळ्यांची कल्पना 'रॉकेट'मध्यें आली ती लिव्हरपूल-मँचेस्टर मंडळीचा चिटणीस हेन्री बूथ याच्या सूचनेवरून, असें खुद्द रॉबर्ट स्टीफन्सननेंच सांगितलें आहे. बक्षिसांतहि बूथचा वांटा होता. ऑगस्ट १८२९ मध्यें रॉबर्टनें बूथला लिहिलेलीं पत्रें उपलब्ध आहेत. त्यांत नळ्या बसविण्याचें काम कसें चाललें आहे, व दाब देऊन पाहतां बॉयलरच्या टोकाचा पत्रा कसा लवतो, ह्या अडचणींचें वर्णन आहे.

एवढ्या कागदांवरून काय निष्पन्न होतें ? फ्रेंच पक्ष म्हणतो, पेटंट १८२८ चें व 'रॉकेट' १८२९ चें. सबब श्रेय सेगँचें. इंग्रज पक्ष म्हणतो, 'रॉकेट' ऑक्टोबरांत धांवलें व सेगँचें एंजिन नोव्हेंबरांत. सबब श्रेय स्टीफन्सन व बूथ यांचें. दोन्ही विधानांतील तारखा खऱ्या आहेत. चूक आहे ती प्रश्नांत. कल्पना लेखी नोंदविणें, तीप्रमाणें यंत्र घडविणें, आणि तें यंत्र नित्य कामास लावणें ह्या तीन निराळ्या गोष्टी आहेत, व त्यांचा क्रम निरनिराळ्या ठिकाणीं निराळा लागूं शकतो. पहिल्या गोष्टींत सेगँ निःसंशय पुढें आहे. दुसरींत 'रॉकेट' कांहीं आठवड्यांनीं पुढें आहे.

येथें प्रत्येक पुराव्याची जातहि पारखिली पाहिजे. फ्रान्समध्यें १७९१ च्या कायद्याप्रमाणें पेटंट देण्यापूर्वीं शोधाच्या नाविन्याची परीक्षा होत नसे. म्हणून सेगँचें पेटंट 'ह्या दिवशीं ह्या गृहस्थाजवळ ही कल्पना होती' एवढें सिद्ध करितें. 'ती पूर्वीं कोणाजवळहि नव्हती' हें सिद्ध करीत नाहीं. वाफेच्या प्रमाणाचे आंकडे सेगँचे स्वतःचे आहेत. लोहमार्गांच्या परिणामांवरील त्याचा ग्रंथ १८३९ सालीं, म्हणजे चाचणीनंतर दहा वर्षांनीं, प्रसिद्ध झाला. कर्त्यानें स्वतःच्या कृतीविषयीं दिलेली साक्ष म्हणून तीस योग्य तेवढेंच वजन द्यावें. उलट रॉबर्टची साक्ष विशेष विश्वसनीय आहे. कारण तींत तो स्वतःकडे श्रेय न घेतां दुसऱ्यास देतो, व त्याचीं पत्रें तर घटना घडत असतांनाच लिहिलेलीं आहेत.

बूथनें कल्पना सेगँपासून उचलली काय ? १८२८ सालीं सेगँची मंडळी न्यूकॅसलहून एंजिनें आणवीत होती, तेव्हां उभय पक्षांत दळणवळण होतें हें उघड आहे. तेवढ्यावरून कित्येकांनीं तर्क बांधिले आहेत. परंतु शक्यता हा पुरावा नव्हे. बूथनें सेगँच्या पेटंटाचा आधार घेतला असें दाखविणारा कागद पुढें आलेला नाहीं. आणि दोघांपुढें प्रश्न एकच, साधनें एकच व भूमितीहि एकच असतां दोघांस एकच उत्तर स्वतंत्रपणें सुचावें ह्यांत नवल नाहीं. विद्येच्या इतिहासांत अशीं उदाहरणें पुष्कळ आहेत. खुद्द सेगँच्याच चरित्रांत दुसरें एक सांपडतें: उष्णता व यांत्रिक कार्य यांच्या परस्परसंबंधाविषयीं त्यानें १८३९ च्या ग्रंथांत जे विचार मांडले, तेच थोड्याच वर्षांत जर्मनींत मायर व इंग्लंडांत जूल यांनीं आपापल्या मार्गांनीं अधिक स्पष्टपणें मांडले.

आणखी एक आक्षेप असा घेण्यांत येतो कीं, नळ्यांचे बॉयलर सेगँच्याहि पूर्वीं होते. अमेरिकेंत जॉन स्टीव्हन्स यानें १८०३ सालीं तशा बॉयलरचें पेटंट घेऊन पुढील वर्षीं तो नौकेवर चालविला. फ्रान्समध्येंहि त्याच १८०३ सालीं शार्ल दालरी याचें पेटंट झालें होतें. परंतु ह्या बॉयलरांत पाणी नळ्यांच्या आंत असून आंच बाहेरून लागे. सेगँ व बूथ यांच्या बॉयलरांत तप्त वायु आंत व पाणी सभोंवार. नांव एक असलें तरी वस्तु दोन आहेत, आणि आगगाडीस उपयोगीं पडली ती दुसरी. नामसाम्यावरून वस्तुसाम्य मानण्याची ही चूक यंत्रांच्या इतिहासांत फार आढळते.

मात्र सेगँच्या कैवाऱ्यांनीं एक गोष्ट विसरतां कामा नये. नळ्या पुष्कळ केल्या कीं वायूला अडथळा वाढतो. त्यास ओढून नेणारा झोत तितकाच जोराचा लागतो. सेगँचे पंखे चाकांवर अवलंबून असल्यामुळें गाडी मंदावली कीं वाराहि मंदावे. म्हणजे चढावर, जेथें वाफेची गरज सर्वांत अधिक, तेथेंच तो कमी पडे. 'रॉकेट'मध्यें सिलिंडरांतून सुटलेली वाफच धुराड्यांत सोडून झोत उत्पन्न केला होता. ही युक्ति रिचर्ड ट्रेव्हिथिकनें १८०४ सालींच वापरली होती. यंत्र जितकें श्रम करी तितका झोत वाढे. शिवाय 'रॉकेट'ची भट्टी बॉयलरच्या मागें निराळी असून तिच्या भोंवतीं पाणी खेळविलेलें होतें. नळ्या, पाण्यानें वेढलेली भट्टी व वाफेचा झोत ह्या त्रयीचा मेळ न्यूकॅसल येथें बसला. लिऑं येथें तिच्यापैकीं एकच अंग होतें. म्हणूनच सेगँच्या नमुन्याचीं एंजिनें त्याच्या मार्गावर कांहीं काळ चाललीं, परंतु त्यांचा वंश वाढला नाहीं. १८३७ सालीं पॅरिसहून सें जेर्मेंकडे जाणारा मार्ग उघडला तेव्हां त्याकरितां एंजिनें बहुतेक इंग्लंडांतूनच आणावीं लागलीं. क्रझो येथील श्नेदर बंधूंचें 'ला जिरोंद' हें एंजिन १८३८ चें, व म्यूलूझ येथील केक्लॅंच्या कारखान्याचें 'नापोलेओं' १८३९ चें. फ्रान्समध्यें एंजिनें बांधण्याचा धंदा रुजला तो ह्या कारखान्यांनीं, इंग्रजी नमुने समोर ठेवून.

सारांश, निर्णय असा करावा लागतो. आगगाडीच्या एंजिनास योग्य अशा नळ्यांच्या बॉयलरची कल्पना पेटंटानें नोंदविण्याचा मान सेगँचा आहे, व तो त्यास निःशंकपणें द्यावा. तीच कल्पना स्वतंत्रपणें सुचविण्याचा मान बूथचा, व ती इतर दोन अंगांशीं जुळवून चालतें-धांवतें यंत्र उभें करण्याचा मान रॉबर्ट स्टीफन्सनचा. कोणा एकाच्या पदरांत सगळें माप टाकावयाचें म्हटलें तर उरलेल्या दोघांचे कागद झांकून ठेवावे लागतात. आणि कागद झांकून मिळविलेला मान कोणत्याहि राष्ट्रास भूषणावह नाहीं.

हा वाद आपणांस अगदींच परका आहे असेंहि नाहीं. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदरहून ठाण्यास जी पहिली आगगाडी गेली, तिचीं एंजिनें इंग्लंडांतील व्हल्कन कारखान्यांत झालीं होतीं, व त्यांच्या बॉयलरांतहि नळ्याच होत्या. त्या दिवशीं रुळांच्या दुतर्फा जमलेल्या लोकांनीं तिला 'इंग्रजांची' आगगाडी मानलें असेल तर तें स्वाभाविकच होतें. तथापि त्या बॉयलरच्या पोटांत जी युक्ति होती, तिची पहिली नोंद रोनकांठच्या एका पूल बांधणाऱ्यानें पंचवीस वर्षें अगोदर करून ठेविली होती. मार्क सेगँ २४ फेब्रुवारी १८७५ रोजीं आनोने येथेंच वारला. तोंवर वाफेचीं एंजिनें पृथ्वीच्या बहुतेक खंडांत धांवूं लागलीं होतीं.